रिंगखालचे गुण: आधी पाय, मग हात

गोव्यात बास्केटबॉलच्या कोर्टवर पहिल्यांदा उभे राहणारे मूल बहुधा आधी फुटबॉल खेळून आलेले असते. फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षे ही मुले पाहतो आहे. त्यांचा दमसास चांगला असतो आणि धक्क्याबुक्क्यांची भीतीही त्यांना नसते, पण रिंगच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर पोचल्यावर मात्र चेंडू रिंगमागच्या बोर्डवर आपटून परत येतो. दुरून मारलेला चेंडू चुकला तर कोणाला फारसे वाईट वाटत नाही, जवळून चुकला की खेळाडू स्वतःच्या हाताकडे रागाने पाहतो. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. त्याच्या अर्धा सेकंद आधी पाय चुकीचा पडलेला असतो, शरीर रिंगच्या खाली घुसलेले असते किंवा नजर चेंडूवर खिळलेली असते. म्हणून या लेखात रिंगजवळून बास्केट करण्याची मूलभूत तंत्रे सांगताना मी पावलांपासूनच सुरुवात करणार आहे.

त्याआधी मापे डोळ्यांसमोर असू द्यावीत, कारण जवळच्या शॉटचे सगळे गणित त्यांवर उभे आहे. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते आणि तिचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर असतो. मुलगे वापरतात तो ७ क्रमांकाचा चेंडू सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे रिंगची रुंदी चेंडूच्या जवळजवळ दुप्पट आहे. बोर्ड १.८० मीटर रुंद आणि १.०५ मीटर उंच असतो आणि त्याच्यावर रिंगच्या मागे ५९ बाय ४५ सेंटिमीटरचा चौकोन आखलेला असतो. रिंगची आतली कड आणि बोर्ड यांच्यामध्ये १५ सेंटिमीटरचे अंतर असते. मैदानाच्या अंतिम रेषेपासून बोर्ड १.२० मीटर आत असल्यामुळे बोर्डच्या मागून खेळाडूला वळून दुसऱ्या बाजूला जायला जागा मिळते, तिचा उपयोग पुढे येईल. बारा वर्षांखालील मुलांसाठी २.६० मीटर उंचीची रिंग आणि ५ क्रमांकाचा लहान चेंडू वापरतात. ज्या शाळेत अशी रिंग नाही तिथे निदान चेंडू तरी लहान द्यावा, नाहीतर मूल दोन्ही हातांनी कमरेपासून चेंडू भिरकावायला शिकते आणि ती सवय मोडताना पुढे वर्ष जाते.

आपल्याकडच्या उघड्या कोर्टवर एक गोष्ट टेप घेऊन तपासून पाहावी. सिमेंटच्या जुन्या कोर्टवर नवा थर घातला की जमीन वर येते आणि खांब मात्र तिथेच राहतो, त्यामुळे रिंग चार-पाच सेंटिमीटर खाली येते. आमच्या कोर्टवर असेच झाले होते. मुले घरच्या रिंगवर झकास टाकत आणि दुसऱ्या शाळेत गेली की सगळे चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागत. आम्ही महिनाभर मुलांना दोष देत राहिलो.

बोर्डची मदत

१८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ सुरू केला तेव्हा सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या टांगलेल्या होत्या आणि त्यांच्यामागे बोर्ड नव्हता. सज्जात बसलेले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवू किंवा ढकलू लागले, म्हणून मागे आडोसा लावण्यात आला. प्रेक्षकांना आवरायला लावलेली ही फळी खेळाडूंची सर्वांत मोठी मदतनीस ठरली. तरीही नवशिका खेळाडू ती टाळतो, कारण बोर्डवरून टाकणे म्हणजे नशिबाने पडणे असा त्याचा समज असतो. खरे तर रिंगच्या बाजूने, साधारण ४५ अंशांच्या कोनातून येणाऱ्या खेळाडूने बोर्ड वापरलाच पाहिजे.

उजव्या बाजूने येत असाल तर चौकोनाचा उजवा वरचा कोपरा हे लक्ष्य धरावे, डावीकडून येत असाल तर डावा वरचा कोपरा. चेंडू त्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूला हळुवार लागला की तो आपोआप रिंगमध्ये उतरतो. जोर मुळीच लागत नाही, कारण धावत येणाऱ्या शरीराचा वेग चेंडूत आधीच आलेला असतो. मुले मागून भुंकणारे कुत्रे लागल्यासारखी धावत येतात आणि तोच वेग हातातही घालतात, मग चेंडू बोर्डवरून उसळून फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेपर्यंत परत जातो. अंतिम रेषेच्या जवळून, म्हणजे बोर्डच्या जवळजवळ समांतर येताना बोर्डचा कोन मिळत नाही, त्यामुळे तिथून चेंडू थेट रिंगवरून आत सोडावा लागतो. अगदी समोरून येणाऱ्यानेही चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवरून थेट आत सोडावा, पण शक्य असेल तर दोन पावले आधीच बाजूला सरकून कोन घ्यावा.

बोर्ड वापरण्याचे आणखी एक कारण नियमांत आहे. शॉटचा चेंडू बोर्डला लागल्यानंतर तो संपूर्णपणे रिंगच्या पातळीच्या वर असेपर्यंत बचाव करणाऱ्याने त्याला हात लावणे हा नियमभंग आहे आणि तसे झाल्यास बास्केट मोजली जाते. म्हणून उंच बचावपटू मागून येत असेल तर चेंडू लवकर आणि उंचावर बोर्डला लावणे हीच त्याच्यापासून सुटका असते.

ले-अप: उलट्या क्रमाने शिकावा

ले-अप हा धावत येऊन एका पायावर उडी घेऊन टाकण्याचा शॉट आहे आणि जवळच्या सगळ्या शॉटांचा तो पाया आहे. उजव्या हाताने टाकताना उडी डाव्या पायावरून घ्यायची आणि उजवा गुडघा वर उचलायचा, एवढे एक वाक्य मुलांना पाठ असते, पण पळताना नेमके उलटे होते. फुटबॉल खेळलेल्या मुलाला मी निराळ्या शब्दांत सांगतो: उजव्या पायाने किक मारताना तू कोणता पाय रोवतोस? तो लगेच डावा पाय पुढे टाकून दाखवतो. ले-अपमध्येही तोच पाय रोवायचा असतो आणि किक मारणारा उजवा पाय पुढे न झाडता गुडघ्यात दुमडून वर न्यायचा असतो. हे कळल्यावर ज्या मुलाला आठवडाभर पाय जुळवता येत नव्हते तो एका दुपारी जुळवू लागतो. ज्यांना दोन्ही पायांनी किक मारता येते ती मुले दोन्ही बाजूंचे ले-अप चटकन उचलतात, हेही लक्षात आले आहे.

शिकवताना सुरुवात शेवटापासून करावी. खेळाडूला रिंगच्या उजव्या बाजूला, बोर्डपासून साधारण एका मोठ्या पावलावर उभे करावे, डावा पाय पुढे ठेवायला सांगावा आणि न धावता, न ड्रिबल करता, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत न नेता, फक्त उजवा गुडघा वर घेऊन चेंडू चौकोनाच्या कोपऱ्यावर ठेवायला लावावा. इथे ‘ठेवणे’ हाच शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण ‘मारणे’ म्हटले की मुले मारतात. हे दहा वेळा नीट जमले की एक पाऊल मागे न्यावे, म्हणजे उजवे पाऊल, मग डावे आणि उडी. हे स्थिर झाले की एकच ड्रिबल जोडावा: डावा पाय पुढे असताना उजव्या हाताने चेंडू जमिनीवर टाकायचा, तो वर येताच उचलायचा, उजवे, डावे, वर. त्यानंतरच कोर्टच्या मध्यापासून धावत यायला परवानगी द्यावी. उलट पद्धतीने, म्हणजे पहिल्या दिवसापासून मध्यापासून पळायला लावले, तर मूल शेवटचा ड्रिबल कुठे पडेल याच्या चिंतेतच रिंगपाशी पोचते आणि त्याचे पाय नशिबावर सोडलेले असतात.

दोन पावलांची लांबी सारखी नसते. पहिले पाऊल लांब टाकावे, त्यात अंतर कापले जाते आणि बचावपटू मागे पडतो. दुसरे पाऊल आखूड आणि टाच आधी टेकवणारे असावे, कारण त्या पावलावर पुढचा वेग वर वळवायचा असतो. चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवाच्या, दिवसांत घरोघरी घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरत्या वाजवणाऱ्या मुलांना हा लांब–आखूड ठेका तोंडाने म्हणून दाखवला की पाय आपोआप त्यावर पडतात. दुसरे पाऊलही लांब पडले तर ती लांब उडी होते, खेळाडू रिंगच्या खालून पुढे निघून जातो आणि हात मागे राहिल्याने चेंडू बोर्डच्या खालच्या कडेला लागतो. तुमच्या खेळाडूचे चेंडू वारंवार खालच्या कडेला लागत असतील, तर त्याचा हात सुधारत बसू नये. उडी जिथे घेतो तिथे खडूने रेघ मारावी आणि तिच्या पुढे पाय पडू देऊ नये.

पावलांच्या नियमाविषयी एक स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला आहे आणि जुन्या काळात खेळलेले पालक अजूनही कोर्टच्या कडेने ‘ट्रॅव्हलिंग’, म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावले टाकली, असे ओरडतात. पळता पळता चेंडू हातात आला किंवा ड्रिबल संपला, त्या क्षणी जो पाय जमिनीवर असेल तो मोजला जात नाही, त्यानंतरची दोन पावले खेळाडूला मिळतात. मात्र उभ्या जागेवरून ड्रिबल सुरू करणाऱ्याला ही सवलत नाही. त्याने पिव्हटचा पाय, म्हणजे जागेवर रोवून ज्यावर वळायचे तो पाय, उचलण्यापूर्वी चेंडू हातातून सुटलेला असला पाहिजे. शालेय स्पर्धांत बहुतेक ट्रॅव्हलिंग तिथेच होते, घाईने पाय आधी उचलला जातो.

आता हात. चेंडू दोन्ही हातांत धरून खांद्याच्या उंचीपर्यंत न्यावा आणि मग दुसरा हात सुटावा. हातात चेंडू आल्यावर तो कमरेपाशी झुलवत नेला तर बचावपटूच्या हाताला आयता मिळतो. नवशिक्याने आधी तळहात बोर्डकडे ठेवून मनगटाने वरून सोडण्याची पद्धत शिकावी, कारण तीत दिशा हुकत नाही. तळहात आकाशाकडे ठेवून चेंडू बोटांवरून वर सरकवण्याची दुसरी पद्धत वेगात असताना अधिक मऊ पडते, पण ती पहिली पक्की झाल्यावरच घ्यावी. दोन्हींत चेंडू बोटांच्या पेरांवर असावा, तळहातावर नव्हे. रिकामा झालेला हात शरीर आणि बचावपटू यांच्यामध्ये आडवा असू द्यावा, पण त्याने ढकलू नये, कारण ढकलल्यास फाउल तुमचाच असतो. नजर उडी घेण्याच्या आधीपासून चौकोनाच्या कोपऱ्यावर असावी आणि चेंडू तिथे लागेपर्यंत तिथेच राहावी. धक्का बसणार असे वाटले की डोळे बचावपटूकडे वळतात, हे स्वाभाविक आहे. धक्का बसूनही चेंडू आत गेला तर दोन गुण आणि वर एक फ्री थ्रो मिळतो, न गेल्यास दोन फ्री थ्रो, म्हणजे धक्क्यात नुकसान बचावपटूचेच आहे, हे खेळाडूच्या मनावर ठसवावे. शिवाय रिंगच्या खाली १.२५ मीटर त्रिज्येचे एक अर्धवर्तुळ आखलेले असते. हवेत असलेल्या आक्रमकाच्या आड त्या अर्धवर्तुळात उभा राहून धक्का खाणाऱ्या बचावपटूला साधारणपणे आक्रमकाविरुद्ध फाउल मिळत नाही.

डावा हात

आपल्या घरांत डाव्या हाताला लहानपणापासून मागे ठेवले जाते. प्रसाद उजव्या हातात, देणे-घेणे उजव्या हाताने, जेवण अर्थातच उजव्या हाताने. कोर्टवर आलेल्या मुलाचा डावा हात त्यामुळे पाहुण्यासारखा अवघडलेला असतो. डावीकडून ले-अप घेताना तो शेवटच्या क्षणी चेंडू उजव्या हातात घेतो आणि नेमका बचावपटूच्या समोर आणतो. एवढ्या एका खोडीवरून प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो की या मुलाला डावीकडे ढकलले की झाले.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. डावीकडून पावले उलटी होतात, डावे, उजवे, उडी, आणि डावा गुडघा व डावा हात एकत्र वर जातात. पहिले दोन आठवडे चेंडू न घेता फक्त पावले करावीत आणि डाव्या हाताने बोर्डच्या दिशेने नुसता इशारा करावा. हात आणि गुडघा एकाच दोरीने बांधलेले आहेत असे समजावे, एक वर गेला की दुसरा जायलाच हवा. मग चेंडू द्यावा. सरावात मोजणी करताना उजव्या बाजूच्या एका यशस्वी शॉटमागे डाव्या बाजूचे दोन झाले पाहिजेत, असा आमच्याकडे दंडक आहे आणि तो मुलांना आवडत नाही.

दोन्ही हातांसाठी सर्वांत उपयुक्त सराव जॉर्ज मायकन यांच्या नावाने ओळखला जातो. १९४२ मध्ये शिकागोच्या दिपॉल विद्यापीठात ते रे मेयर या प्रशिक्षकांच्या हाताखाली आले तेव्हा २.०८ मीटर उंचीचा, जाड चष्म्याचा हा तरुण इतका अवघडलेला होता की मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या, मुष्टियुद्धाचा सराव आणि चक्क नृत्याचे धडे घ्यायला लावले. पाय मोकळे झाल्यावर त्याच्याकडून दोन्ही हातांनी रिंगखालचे शॉट घोटून घेतले. पुढे मायकन रिंगखाली इतके भारी पडू लागले की १९५१ मध्ये एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगने रिंगसमोरच्या पट्ट्याची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट केली.

सराव असा: रिंगच्या बरोबर खाली, बोर्डकडे तोंड करून उभे राहावे. डाव्या पायावरून उडी घेऊन उजव्या हाताने उजव्या बाजूने बोर्डवर टाकावे, जाळीतून पडणारा चेंडू जमिनीला लागण्यापूर्वी हनुवटीच्या वर झेलावा, लगेच उजव्या पायावरून उडी घेऊन डाव्या हाताने डाव्या बाजूने टाकावे, पुन्हा झेलावा. ड्रिबल नाही, चेंडू हनुवटीच्या खाली आणणे नाही. सुरुवातीला ३० सेकंदांत किती जातात ते मोजावे, नंतर एक मिनिट. पहिल्या दिवशी अकरा-बारा वर्षांच्या मुलाचे खांदे दहा उड्यांत भरून येतात आणि चेंडू आपोआप खाली यायला लागतो. तिथे थांबावे, कारण थकलेल्या हाताने केलेला सराव चुकीची सवय लावतो. आमच्या शाळेतली एक आठवीतली मुलगी, उंचीने वर्गात सर्वांत लहान, रोज प्रार्थनेच्या घंटेआधी हा एकच सराव करी. डिसेंबरपर्यंत तिचा डावा हात उजव्यापेक्षा मऊ झाला होता आणि तालुक्याच्या सामन्यात ती दोनदा डावीकडून गेली तेव्हा तिला अडवणारी मुलगी दोन्ही वेळा उजवीकडे उडाली.

दोन पायांवरचा शॉट आणि चकवा

गर्दीत एका पायावरची उडी टिकत नाही, थोडासा धक्का लागला तरी शरीर फिरते. अशा वेळी दोन्ही पायांवर एकदम थांबून दोन्ही पायांवरूनच उडी घ्यावी. थांबताना पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, गुडघे वाकलेले, पाठ शक्यतो बचावपटूकडे आणि चेंडू त्याच्यापासून दूरच्या खांद्यापाशी दोन्ही हातांत घट्ट असावा. बचावपटूच्या जवळचा खांदा त्याच्याकडे वळवून उडी घेतली की त्याला चेंडूपर्यंत पोचायला तुमचे संपूर्ण शरीर ओलांडावे लागते. हा शॉट दिसायला ठोकळ्यासारखा असतो आणि तरुण खेळाडूंना त्याची थोडी लाज वाटते. मला विचाराल तर शालेय पातळीवर यापेक्षा जास्त गुण देणारी गोष्ट नाही.

नियमाची एक बारीक बाजू इथेही आहे. ड्रिबल संपवून एका पायावर पहिले पाऊल पडले आणि त्यावरून उडी घेऊन दोन्ही पायांवर एकदम उतरलात, तर त्यानंतर पिव्हट करता येत नाही, शॉट किंवा पासच द्यावा लागतो. चेंडू हवेत असताना झेलून दोन्ही पायांवर एकदम उतरलात, तर कोणताही एक पाय पिव्हट म्हणून वापरता येतो. दुसरा प्रकार चकव्यासाठी सोयीचा आहे.

चकवा म्हणजे शॉट मारतो असे भासवणे. चेंडू छातीपासून कपाळापर्यंत वर न्यावा, नजरही रिंगकडे उचलावी, पण गुडघे वाकलेलेच राहावेत आणि टाचा जमिनीवरच. येथे नव्वद टक्के चूक गुडघ्यांची असते. खेळाडू चकवा देता देता स्वतःच सरळ उभा राहतो, मग बचावपटू उडाला तरी याला उडण्यासाठी पुन्हा खाली बसावे लागते आणि तेवढ्यात तो परत येतो. बचावपटू हवेत गेला की दुसऱ्या पायाने त्याच्या बगलेखालून एक पाऊल पुढे टाकून शॉट घ्यावा, पिव्हटचा पाय चेंडू सुटण्यापूर्वी उचलला तरी चालतो, फक्त तो परत जमिनीवर टेकण्याआधी चेंडू सुटला पाहिजे. आणखी एक गोष्ट सवयीने कळते: चकवा सावकाश द्यावा. फार भराभर दिलेला चकवा बचावपटूला दिसतच नाही, मग तो फसणार कसा?

पाठ रिंगकडे असताना

उंच किंवा अंगाने दणकट खेळाडू पट्ट्याच्या कडेला, रिंगकडे पाठ करून चेंडू मागतो. या जागेवर चेंडू मिळण्यापूर्वीच अर्धे काम झालेले असते. बचावपटूला पाठीवर घ्यावे, बूड थोडे खाली सोडून त्याच्या मांड्यांपाशी टेकवावे आणि ज्या हाताला चेंडू हवा तो पंजा उघडा धरावा. प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणून पाय रेषेच्या बाहेर ठेवून उभे राहावे. २०१० पासून हा पट्टा आयताकृती आणि ४.९० मीटर रुंद आहे. आपल्याकडच्या काही जुन्या कोर्टवर मात्र रिंगकडे रुंद होत जाणारा जुना आकार अजून पुसट दिसतो आणि त्यावर सराव केलेला मुलगा नव्या कोर्टवर गेला की गोंधळतो.

चेंडू हातात येताच लगेच वळू नये. क्षणभर थांबून बचावपटू कोणत्या खांद्याला टेकला आहे हे पाठीला जाणवू द्यावे. तो आतल्या बाजूला, कोर्टच्या मध्याकडे टेकला असेल तर अंतिम रेषेकडची वाट मोकळी आहे. त्या बाजूचा पाय मागे, बचावपटूच्या पायाच्या पलीकडे लांब टाकावा, त्याच वेळी दोन्ही पायांच्या मध्ये एक जोरकस ड्रिबल घ्यावा, मग शरीर वळवून दोन पायांवरचा शॉट घ्यावा. तो अंतिम रेषेकडे टेकला असेल तर हेच मध्याकडे करावे. लांब टाकलेल्या पायाचा पंजा रिंगच्या दिशेने वळलेला असला पाहिजे, तो आडवा पडला तर कंबर वळत नाही आणि शॉट मागे झुकून घ्यावा लागतो.

वळायला जागाच नसेल तर हुक शॉट. डावा खांदा रिंगकडे, उजवा हात शरीरापासून दूर, सरळ वर, दंड कानाला जवळजवळ लागेल असा, आणि सुटका मनगटातून. करीम अब्दुल-जब्बार यांनी याच शॉटचे उंच रूप वापरून १९६९ ते १९८९ या काळात एनबीएमध्ये ३८,३८७ गुण केले आणि तो विक्रम २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत टिकला. अर्थात ते २.१८ मीटर उंच होते. आपल्या मुलांनी रिंगपासून दोन मीटरच्या आत, छोटा हुक शिकावा, त्याहून दूरचा शॉट हा केवळ हौसेचा भाग आहे.

उरलेले दोन शॉट थोडक्यात. बोर्डच्या मागच्या मोकळ्या जागेचा उल्लेख वर आला, तिचा उपयोग उलट्या ले-अपमध्ये होतो. अंतिम रेषेवरून आत शिरून रिंगखालून पलीकडच्या बाजूला जावे आणि मान मागे टाकून चेंडू त्या बाजूच्या चौकोनाच्या कोपऱ्यावर सोडावा. रिंग आणि जाळी मध्ये आल्यामुळे मागून येणाऱ्या बचावपटूला हात घालता येत नाही. दुसरा फ्लोटर, म्हणजे बुटक्या खेळाडूने उंच बचावपटू समोर येण्याआधीच दोन-तीन मीटरवरून, मनगट फारसे न मोडता, चेंडू त्याच्या डोक्यावरून उंच आणि मऊ सोडणे. तो उशिरा शिकावा. लवकर शिकवला तर मुले रिंगपर्यंत जाणेच सोडून देतात.

चुकलेल्या चेंडूवर

जवळचे बरेच गुण दुसऱ्याच्या चुकीतून येतात. रिंगला लागून परत आलेला चेंडू मिळाला की तो खाली आणू नये. हनुवटीच्या वर, कोपरे बाहेर काढून धरावा आणि तिथूनच पुन्हा उडी घ्यावी. खाली आणला की आसपासची सगळी बुटकी मुले त्यावर हात मारतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शॉटचा चेंडू रिंगला लागल्यानंतर कोणत्याही खेळाडूला तो हाताने थोपटून आत ढकलता येतो, म्हणून उंच खेळाडूंनी झेलण्याऐवजी बोटांनी टोलवण्याचाही सराव करावा. आणि आक्रमक संघाने रिंगवरून परत आलेला चेंडू मिळवला तर त्याला पुढच्या शॉटसाठी १४ सेकंदच मिळतात, नेहमीचे २४ नव्हे, हेही पाठ असावे.

पावसाळा आणि ओले कोर्ट

जून लागला की उघड्या कोर्टवर शेवाळ धरते आणि सप्टेंबरपर्यंत ले-अप हा पाय मोडण्याचा मार्ग होतो. एकाच पायावर आखूड पाऊल टाकून वेग वर वळवणे म्हणजे घसरण्याला आमंत्रण आहे. या महिन्यांत बंदिस्त सभागृह मिळत नसेल तर शाळेच्या पडवीत भिंतीवर डोक्याच्या वर, हात पुरेल तिथे खडूने चौकोन आखावा आणि मायकनचा सराव रिंगविनाच करावा, चेंडू कोपऱ्यावर लावून हनुवटीच्या वर झेलणे एवढेच. भिंतीला रिंग नसल्यामुळे मुले गुण मोजत नाहीत आणि पायांकडे अधिक लक्ष देतात, हा त्याचा अनपेक्षित फायदा आहे. पावले मात्र अनवाणी करू देऊ नयेत, फरशीवर ओल आलेली असते.

ऑक्टोबरमध्ये कोर्ट वाळल्यावर पहिल्या दिवशी खराट्याने शेवाळ खरवडून, चुना टाकून धुऊन घ्यावे आणि पहिले आठ दिवस केवळ दोन पायांवरचे शॉट ठेवावेत. घामाने आणि दमट हवेने चेंडू निसरडा होतो, म्हणून रिंगच्या खांबाला एक जुना पंचा बांधून ठेवावा आणि प्रत्येक पाच-सहा शॉटांनंतर चेंडू व बोटे पुसावीत. आमचा पंचा वर्षातून तीनदा चोरीला जातो. खांबापासून दोन पावलांवर, उजवीकडे आणि डावीकडे, उडीची रेघ मात्र खडूने नव्हे, रंगाने ओढलेली आहे, आणि नवे मूल कोर्टवर आले की त्याला पहिल्या दिवशी चेंडू न देता आधी त्या रेघेवर डावा पाय ठेवून उभे करतो.